फेवर-ल्युबा सी-किंग : डायल चकाचक दिसला की पुढच्या दुकानात जा

फेवर-ल्युबा या स्विस कंपनीचं जुनं घड्याळ घ्यायचंय आणि ऑनलाइन फोटो बघून "वा, काय कंडिशन आहे" असं म्हणत बोट "बाय" वर गेलंय अशा सगळ्यांनी आधी एक मिनिट थांबा. पन्नास-साठ वर्षं जुन्या घड्याळाचा डायल काल शोरूममधून आणल्यासारखा दिसतोय म्हणजे तो बहुतेक वेळा नव्याने रंगवलेला असतो. असल्या घड्याळांना बाहेरचे कलेक्टर लोक चक्क "मुंबई स्पेशल" म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं निघावं याचा राग येतो खरा, पण चोर बाजारात एक चक्कर मारली की फिरोजी, लालभडक, पोपटी डायलांची रांग दिसते, आणि असले रंग कंपनीने जन्मात काढले नसतील, त्यामुळे भांडायला तोंड राहत नाही.

माझ्याकडे आहे ते सी-किंग. हाताने चावी द्यायचं, स्टीलचा केस, चंदेरी डायल, तारीख-बिरीख काही नाही. डायल कडेने पिवळसर झालाय आणि आठच्या खुणेजवळ एक डाग आहे. घेताना घड्याळवाले काका म्हणाले होते, "साहेब, दोन दिवसांत नवीन करून देतो, कोणाला कळणार नाही." म्हटलं काका, तेवढं सोडून बाकी सगळं करा, ऑइलिंग करा, काच पॉलिश करा, डायलला हात लावू नका. त्यांनी माझ्याकडे जरा विचित्र नजरेनेच बघितलं. पण डायलवर "फेवर-ल्युबा जिनिव्हा" ही जी बारीक, स्वच्छ छपाई आहे आणि वर तो वाळूच्या घड्याळाचा छोटासा लोगो, ते एकदा पुसलं की परत येत नाही. मूळ छपाईतली अक्षरं भिंगाखालीसुद्धा धारदार दिसतात, रंगवलेल्या डायलवर ती फुगतात, मिनिटांच्या रेघा खुणांना नीट भेटत नाहीत, आणि सहाच्या खाली जे "स्विस मेड" असतं ते एकतर गायब असतं नाहीतर भलत्याच जाडीचं असतं. मी तर सगळ्यात आधी तिथेच बघतो.

आता हे घड्याळ एवढं का आवडावं. आपल्याकडे ज्यांचे आजोबा नोकरीवाले होते त्यांच्या घरात हे नाव ऐकलेलं असतंच, लग्नात जावयाला घड्याळ द्यायचं तर एकतर एचएमटी नाहीतर, सासरा जरा हात सैल सोडणारा असेल तर, फेवर-ल्युबा. एचएमटीचा बंगलोरचा घड्याळ कारखाना सिटिझनच्या मदतीने सुरू झाला तो १९६१ साली, हे लोक मात्र आपल्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून. कंपनी स्वतः सांगते की त्यांची घड्याळं भारतात १८६५ पासून येतायत, म्हणजे सुएझ कालवा उघडायच्या चार वर्षं आधीपासून, तेव्हा युरोपातला माल एकतर आफ्रिकेला वळसा घालून यायचा नाहीतर इजिप्तमधून जमिनीवरून. कंपनीचं मूळ ल लोकल नावाच्या स्विस गावातलं, अब्राहम फाव्र या माणसापासून, साल १७३७. (पेशवाईत थोरला बाजीराव होता तेव्हा, सहज आठवलं म्हणून.) पुढे १८१५ साली ल्युबा घराण्याचं नाव जोडलं गेलं.

पण इतिहासासाठी कोणी रोज मनगटावर काही बांधत नाही, मला हे घड्याळ आवडतं ते आतल्या मशीनसाठी. १९६२ मध्ये कंपनीने कॅलिबर २५१ नावाचं मशीन काढलं, त्यात एकाऐवजी दोन बॅरल (स्प्रिंग ठेवायच्या डब्या), म्हणजे मेन स्प्रिंग दोन. साध्या चावीच्या घड्याळात एकच स्प्रिंग असते, ती सकाळी चावी दिल्यावर जोरात असते आणि रात्रीपर्यंत ढिली पडत जाते, मग चालही थोडी बदलते. इथे काम दोघींत वाटलेलं असल्यामुळे जोर जास्त सारखा मिळतो, आणि प्रत्येक बॅरल बारीक ठेवता येत असल्याने अख्खं मशीन फक्त २.९५ मिलिमीटर जाडीचं झालं, आणि तरी एकदा चावी दिली की ५० तासांच्या आसपास चालतं. शर्टाच्या कफखाली हे घड्याळ जातं तसं आजचं एकही स्मार्टवॉच जात नाही. घेताना मागचं झाकण उघडून दाखवायला सांगाच, कारण सी-किंगच्या केसमध्ये भलतंच मशीन कोंबलेले पीस बाजारात भरपूर फिरतायत, आणि दुकानदार उघडायला कां-कूं करायला लागला तर तिथून निघा.

याच १९६२ साली त्यांनी बिव्हुआक काढलं, उंची आणि हवेचा दाब दाखवणारं मेकॅनिकल मनगटी घड्याळ. १९७५ मध्ये एव्हरेस्टवर पोचलेली पहिली स्त्री, जपानची जुन्को ताबेई, तिच्याकडे बिव्हुआक होतं असं कंपनी अभिमानाने सांगते. ते आपल्या बजेटच्या बाहेर आहे, सोडा. मग क्वार्ट्झ, म्हणजे बॅटरीवरचं घड्याळ, आलं आणि १९८०च्या दशकात कंपनी घराण्याच्या हातातून गेली. आपल्याकडे चावीच्या घड्याळांचं कंबरडं क्वार्ट्झने मोडलं आणि त्यात टायटनचा हात मोठा, आणि त्याच टायटनने २०११ मध्ये फेवर-ल्युबा विकत घेतलं! हे वाचलं तेव्हा मी एकटाच हसत बसलो होतो.

आता कुरकुरी. नावात "सी" आहे म्हणून पाण्यात नेऊ नका, एवढ्या जुन्या गॅस्केटवर विश्वास ठेवायचा नसतो, आमच्याकडच्या पावसाळ्यात तर मी ते जून ते सप्टेंबर कपाटातच ठेवतो. साइज लहान, ३४-३५ मिलिमीटर, मोठ्या डायलची सवय असेल तर पहिले काही दिवस बायकांचं घड्याळ घातल्यासारखं वाटेल. काच अॅक्रिलिकची, ओरखडे पडतातच, पण पॉलिशने निघतात. मोबाइल कव्हरच्या चुंबकाशेजारी ठेवलं तर पळायला लागतं, मग डीमॅग्नेटाइज करून घ्यायचं. सर्व्हिसिंगनंतर दिवसाला अर्ध्या मिनिटाचा फरक मला चालतो, ज्यांना चालत नाही त्यांनी क्वार्ट्झ घ्यावं, सुखी राहाल. आणि दोन बॅरलचं मशीन उघडलेला कारीगर शोधायला लागतो, सगळ्यांना जमत नाही, पार्ट नवीन मिळत नाहीत, दुसऱ्या मेलेल्या घड्याळातून काढून टाकतात, त्यामुळे घड्याळाच्या किमतीत सर्व्हिसिंगचा खर्च आधीच धरून ठेवा.

केस अति पॉलिश केलेला असेल, कडा साबणाच्या वडीसारख्या गोल झालेल्या असतील, तरीही नको. चावीचं बटण मूळ नसेल तर मी तिकडे काणाडोळा करतो, ते बदलावंच लागतं कधीतरी, भाव मात्र तेवढा कमी करून घ्या.

पैशाच्या मानाने? याच काळातलं ओमेगा घ्यायला गेलात तर घाम फुटेल, हे मात्र एका बऱ्या स्मार्टवॉचच्या पैशात येतं, आणि दर दोन वर्षांनी बॅटरी मेली म्हणून फेकावं लागत नाही. पाचपैकी साडेचार. अर्धा मार्क सुट्या पार्टांसाठी कापला.

सध्या याच कंपनीचं एक सी-चीफ बघून ठेवलंय, डायलवर लांब ओरखडा आहे पण छपाई अस्सल, मशीनही जागेवर. दुकानदार भाव मात्र शेजारच्या रंगवलेल्या निळ्या डायलवाल्याएवढाच सांगतोय, वर म्हणतो निळंच घ्या, ते छान दिसतं. गाडी तिथेच अडलीये.