एसएमपीएस नव्हे, रॅम खराब होती

मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून घरी कॉम्प्युटर जोडणार असाल, तर हे आधी वाचा.

मुलीला आर्किटेक्चरच्या अभ्यासासाठी मशीन हवं होतं. प्रोसेसर आणि मदरबोर्ड सीलबंद घेतले, पक्क्या बिलासकट. रॅम मात्र दुसऱ्या दुकानातून घेतली. ८ जीबीच्या दोन स्टिक, डीडीआर४ प्रकारच्या, स्टिकरवर वेग ३२००. "बिल हवं तर १८ टक्के वर लागतील," दुकानदार म्हणाला. मी चिठ्ठीवर घेतल्या. चूक तिथेच झाली.

चार दिवस बरे गेले. मग निळी स्क्रीन यायला लागली, दर वेळी एरर वेगळाच. झिप फाइल उघडताना सीआरसी एरर, म्हणजे फाइलमधला मजकूर बिघडल्याचा इशारा, यायचा आणि तीच फाइल पुन्हा उघडली की व्यवस्थित उघडायची. विंडोज दोनदा नव्याने टाकलं. शेवटी मशीन उचलून त्याच दुकानात नेलं. तिथल्या माणसाने केस उघडलीसुद्धा नाही. "साहेब, तुमचा एसएमपीएस लोड घेत नाहीये," म्हणत २,६०० रुपयांचा नवा एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा, गळ्यात मारला. त्याच रात्री पुन्हा निळी स्क्रीन.

रॅम खराब असली की संशय कधी विंडोजवर जातो, कधी डिस्कवर, कधी एसएमपीएसवर. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं, म्हणून एका खराब मालावर तो दुसरा माल खपवतो. मला याचाच जास्त संताप आहे.

ऑफिसातल्या एका मित्राने मेमटेस्ट८६+ हे रॅम तपासणारं सॉफ्टवेअर पेनड्राइव्हवर टाकून दिलं. हे विंडोज सुरू न करता चालतं आणि फुकट आहे. वीसेक मिनिटांत स्क्रीनवर लाल ओळी उतरायला लागल्या. धड रॅममध्ये एकही चूक येता कामा नये. इथे शेकड्याने, आणि बहुतेक मेमरीतल्या एकाच पत्त्याच्या, म्हणजे जागेच्या, आसपास. मग मशीन बंद करून, पॉवर केबल काढून, एकेक स्टिक एकाच स्लॉटमध्ये लावून पाहिली. एक रात्रभर चालली, चूक शून्य. दुसरी कुठल्याही स्लॉटमध्ये लावा, लालच. म्हणजे मदरबोर्डचा दोष नव्हता.

मशीनमधल्या भागांची माहिती दाखवणाऱ्या सीपीयू-झेडमध्ये एसपीडी टॅब असतो, त्यात स्टिकच्या चिपवर नोंदलेली माहिती दिसते. तिथे दोन्ही स्टिक २०१७ च्या निघाल्या, वेग २४००. बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, रॅम जास्त वेगाने चालवायचा एक्सएमपी हा पर्याय दिसत नव्हता, तेव्हाच मला शंका यायला हवी होती. खराब स्टिकच्या स्टिकरचा कोपरा नखाने उचलला. खाली दुसरा स्टिकर होता, अर्धवट खरवडलेला.

दुकानदाराने हात झटकले. "हा माल आमचा नाहीच." चिठ्ठीवर ना दुकानाचं नाव, ना जीएसटी नंबर, ना स्टिकचा सिरियल नंबर. यूपीआयचे पैसेही कुणाच्या तरी खासगी खात्यात गेलेले. ग्राहक हेल्पलाइनला, १९१५ वर, तक्रार नोंदवली आहे, पण पुरावा म्हणून माझ्याकडे तेवढीच चिठ्ठी.

पैशांचं जाऊ द्या. त्या तीन आठवड्यांत मी जुन्या डिस्कवरचे फोटो नव्या मशीनवर हलवले आणि जुनी डिस्क पुसून टाकली. कॉपी होणारी प्रत्येक फाइल रॅममधून जाते, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. आईच्या पंचाहत्तरीचे चाळीसेक फोटो आता निम्म्यापर्यंतच दिसतात, खाली नुसता करडा पट्टा.