केबल काढू का ठेवू? सोलापुरात राहून फ्री डिश, ओटीटी आणि केबल तिन्ही वापरून बघितलेल्याचं मत

आमच्या घरची केबल काढून वर्ष होत आलं. तेव्हापासून ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, काढू का रे, परवडतं का, आईला जमलं का. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. पैशाचा हिशोब नंतर करा, आधी बघा दुपारी दोन ते पाच तुमच्या घरात टीव्हीसमोर कोण बसतंय आणि कुठल्या भाषेतलं बघतंय. माझ्या मते अर्धा निर्णय तिथंच होतो.

पहिलं अँटेनाचं क्लिअर करतो, कारण बाहेरच्या देशातले व्हिडिओ बघून लोक विचारतात, गच्चीवर अँटेना लावला की फुकट एचडी येतं ना. तिकडं येतं, इथं नाही. लहानपणी गच्चीवर चढून "आलं का? आलं का?" ओरडत जो अँटेना फिरवायचो, त्याच्यावरचं दूरदर्शनचं जुनं प्रक्षेपण २०२२ पर्यंत देशात जवळजवळ सगळीकडं बंद झालं, आणि डिजिटल अँटेनाचं २०१६ ला १६ शहरांत सुरू झालं त्यात मुंबई होतं, औरंगाबाद होतं, सोलापूर नव्हतं. त्यामुळं आपल्यासाठी अँटेना म्हणजे डीडी फ्री डिश या दूरदर्शनच्या फुकट सॅटेलाइट सेवेची छत्री.

ही छत्री २००४ पासून चालू आहे, महिन्याचं भाडं शून्य. छत्री, बॉक्स, वायर, बसवणाऱ्याची मजुरी धरून आम्हाला दोन हजारांच्या आत पडलं. बॉक्स एमपीईजी-४ चाच घ्या, जुन्या बॉक्सवर काही चॅनल दिसतच नाहीत. सोलापुरातून सॅटेलाइट आग्नेयेला येतो, तिकडं झाड किंवा भिंत नको. आपल्याकडं पाणी चार-पाच दिवसांनी, त्यामुळं प्रत्येक गच्चीवर दोन-दोन टाक्या, आमच्याकडं आलेल्या पोराने छत्री नेमकी टाकीच्या मागं बसवली होती, तासभर सिग्नलची क्वालिटी शून्यच. मग जागा बदलली, तो वर नट ढिला करून बोटभर सरकवायचा आणि मी खाली टीव्हीवरची पट्टी बघून आकडा ओरडायचो, ४०, ५५, ७२, आणि ७२ ला त्याने नट आवळला तो आजपर्यंत हललेला नाही. जोराच्या पावसात मात्र दहा-पंधरा मिनिटं चित्र फुटतं, ते धरूनच चाला.

चॅनलचं म्हणाल तर डीडी सह्याद्री, बातम्या, हिंदी पिक्चर, भक्तीचे चॅनल भरपूर. पण स्टार प्रवाह, झी मराठीसारखे पैशाचे मराठी चॅनल तिथं नाहीत, आणि खाजगी चॅनलच्या जागांचा लिलाव होतो त्यामुळं आज आहे ते पुढच्या वर्षी असेलच असं नाही. एखादं चॅनल गायब झालं तर मेकॅनिकला बोलवायच्या आधी बॉक्सवर ऑटो सर्च मारा, बऱ्याचदा नंबर बदललेला असतो.

क्रिकेटवाल्यांसाठी एक महत्त्वाचं. २००७ च्या कायद्याने भारताच्या पुरुष संघाच्या वनडे आणि टी-२० चा सिग्नल दूरदर्शनला द्यावाच लागतो, म्हणून त्या मॅच फ्री डिशवर डीडी स्पोर्ट्सला फुकट दिसतात. तोच फुकटचा सिग्नल केबलवर दाखवता येत नाही, २०१७ ला सुप्रीम कोर्टाचा तसा निकाल आहे, तिथं स्पोर्ट्स चॅनलचे वेगळे पैसे भरा. आयपीएल मात्र या कायद्यात येत नाही.

आता ओटीटी, म्हणजे नेटवरून बघायचे ॲप. आईच्या मालिकांमुळं आम्हाला नेट घ्यायलाच लागलं. झी मराठीचं झी५ वर, स्टार प्रवाह आणि कलर्स मराठीचं जिओहॉटस्टारवर, सोनी मराठीचं सोनी लिव्हवर, म्हणजे एका घरात तीन ॲप. मराठी न्यूज चॅनल यूट्यूबवर लाइव्ह फुकट असतात, त्याला पैसे घालू नका. मोबाईलच्या रोजच्या दीड-दोन जीबीवर घरचा टीव्ही चालवायचं डोक्यातून काढा, एचडी तासाला तीन जीबीपर्यंत खातं. वायरचं नेटच पाहिजे, स्पीड ३० एमबीपीएस असला तरी एका टीव्हीला भरपूर. आणि लाइव्ह मॅच नेटवर काही सेकंद मागं असते, शेजारी केबलवर सिक्सला ओरडतात तेव्हा आमच्याकडं बॉलर अजून पळत येत असतो.

आईचं सांगतो. केबलच्या रिमोटवर तिला नंबर पाठ होते, चष्मा न लावता दाबायची. ॲपवर चार वेळा बाण, मग प्रोफाईल, मग शोधा, पहिले पंधरा दिवस ती माझी वाट बघत बसायची आणि मी कामावरून येईपर्यंत टीव्ही बंद. मला ते बघून फार वाईट वाटलं. मग रिमोटवर बोलून शोधायचं शिकवलं, मालिकेचं नाव म्हणायचं आणि ओके, आता कालचा हुकलेला भाग ती स्वतः लावते. तुमच्या घरी हे पंधरा दिवस शेजारी बसून शिकवणारं कोणी नसेल तर केबल काढू नका, खरंच.

पैसे. २०१९ च्या नियमाने नुसतं केबलचं बेसिक १३० अधिक जीएसटी म्हणजे १५३ रुपये ४० पैसे होतं, आता त्याच्यावर सरकारी मर्यादा नाही. आमच्या केबलवाल्याने तर न विचारता पॅक बदलला होता, बिल वाढल्यावर कळलं. पण नेटचा ३९९ चा प्लॅनसुद्धा जीएसटी धरून ४७१ ला जातो, वर ॲपचे वेगळे. नुसत्या टीव्हीसाठी नेट घेणार असाल तर केबल स्वस्त आहे. पोरांच्या अभ्यासाला, कामाला नेट आधीच असेल तरच ओटीटीचा हिशोब बसतो.

लाइटीचा मुद्दा कोणी सांगत नाही. उन्हाळ्यात लाइट गेली आणि घरात इन्व्हर्टर असला तरी केबल बंद पडू शकते, कारण गल्लीतल्या खांबावरच्या ॲम्प्लिफायरला पण लाइट लागते. छत्रीला तसलं काही नाही, टीव्ही आणि बॉक्स इन्व्हर्टरवर असले की झालं. फायबरचं पण राउटर इन्व्हर्टरवर टाका.

केबल सोडून मला खरी चुटपुट लागली ती सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला. जानेवारीत सातही नंदीध्वज निघतात, संमती कट्ट्यावर अक्षता पडतात, ते लोकल चॅनलवर घरबसल्या दिसायचं, आजीला हात जोडायला मिळायचे. आता मोबाईलवरचं लाइव्ह शोधून टीव्हीला जोडतो, मधेच अडकतं.

आणि सोलापूरच्या पूर्व भागातल्या तेलुगू घरांचं वेगळंच. अशोक चौकात मित्राकडं अम्माला तेलुगू, वहिनींना कन्नड, पोरांना मराठी-हिंदी. फ्री डिशवर तेलुगूला डीडी यादगिरी, कन्नडला डीडी चंदना, पण जेमिनी, उदया या खाजगी चॅनलसाठी सन नेक्स्ट ॲप घ्या, ईटीव्हीचं अजून वेगळं ॲप, सगळं मिळून केबलच्या वर जातं. त्याला मी स्पष्ट सांगितलं, तुझी केबल राहू दे.

आमच्यासारखं नेट आधीपासून असलेलं मराठी घर असेल तर छत्री अधिक एक-दोन ॲप घ्या. फक्त केबल लगेच तोडू नका, एक महिना दोन्ही चालवा, आणि तोडताना बॉक्स तुमच्या मालकीचा आहे का भाड्याचा ते जुन्या पावतीवर बघा, डिपॉझिट भरलं असेल तर बॉक्स परत देतानाच मागून घ्या.