ॲडसॅस: जीपीए घसरलेला असेल तर हे पोर्टल कसं वापरायचं

अमेरिकेतल्या बहुतेक डेंटल स्कूलांचे अर्ज ॲडसॅस या एकाच पोर्टलवरून जातात. अर्ज एकदा भरायचा आणि हव्या तितक्या कॉलेजांना पाठवायचा. ग्रेड चांगले असतील तर काम कंटाळवाणं, पण सरळ. पहिल्या एकदोन वर्षांत गाडी रुळावरून घसरली असेल, तर मात्र इथले नियम आधी समजून घ्यावेत.

मुख्य घोळ रिपीट केलेल्या विषयांचा. समजा ऑरगॅनिक केमिस्ट्रीच्या ४ क्रेडिटला आधी डी मिळाला आणि पुन्हा बसून ए आणला. बऱ्याच विद्यापीठांत जुना डी हिशेबातून जातो. ॲडसॅस दोन्ही धरतं (ए म्हणजे ४ पॉइंट, डी म्हणजे १), म्हणजे ८ क्रेडिटला सरासरी २.५. त्यामुळे ट्रान्स्क्रिप्टवर (कॉलेजच्या अधिकृत गुणपत्रकावर) ३.२ दिसणारा जीपीए, म्हणजे ग्रेड पॉइंटची सरासरी, इथे तीनच्या खालीही येऊ शकतो. म्हणून पोर्टल उघडण्याआधीच एक्सेलमध्ये हिशेब मांडा: प्रत्येक विषयाचे क्रेडिट गुणिले ग्रेड पॉइंट, सगळ्याची बेरीज, भागिले एकूण क्रेडिट. १२० क्रेडिटला २.८ असेल आणि पदवीनंतर आणखी ३० क्रेडिट सगळे ए ग्रेडने केले, तरी एकूण ३.०४ च होतो. प्रवेश मिळालेल्यांची सरासरी साडेतीनच्या वर असते, हे लक्षात घेतलं की फक्त एकूण आकड्यामागे धावण्यात अर्थ नाही हे कळतं.

या सेवेची खरी जमेची बाजू इथेच आहे. ती जीपीए वर्षवार फोडून दाखवते. सायन्सचा वेगळा, पदवीनंतरच्या विषयांचा वेगळा, मास्टर्सचा वेगळा. चढता आलेख कॉलेजला शोधावा लागत नाही. तेव्हा सी मिळालेले विषय घोटत बसण्यापेक्षा बायोकेमिस्ट्री, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी असे वरच्या पातळीचे विषय घ्या. डी किंवा एफ असलेले आवश्यक विषय मात्र पुन्हा करावेच लागतात. आणि एका सेमिस्टरला एकच विषय घेऊन आणलेल्या ए ला फारसं वजन नसतं. १२ ते १५ क्रेडिटचा भार एकत्र पेलता येतो हे दिसायला हवं.

विषय भरण्याचा भाग वैताग आणतो. ट्रान्स्क्रिप्ट समोर ठेवूनच बसा. प्रत्येक टर्म, प्रत्येक विषय, अर्धवट सोडून डब्ल्यू मिळालेलेसुद्धा. ट्रान्सफर झालेले क्रेडिट मूळ ज्या कॉलेजात केले त्याच्याच नावाखाली टाकायचे. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात केलेला एखादाच विषय असला, तरी तिथलं ट्रान्स्क्रिप्ट लागतं. चुका जास्त सापडल्या तर अर्ज परत येतो आणि पुन्हा रांग. गर्दीच्या दिवसांत तपासणीला चार ते सहा आठवडे धरून चाला.

मराठी नावांची एक खास अडचण: मधलं नाव वडिलांचं. ते ट्रान्स्क्रिप्टवर असतं, लायसन्सवर नसतं, किंवा उलट. डॅट या डेंटल प्रवेश परीक्षेची नोंदणी ओळखपत्रावरच्या नावानेच करा, नाहीतर केंद्रावरून परत पाठवतात. ॲडसॅसमध्ये आधीची आणि इतर नावं भरायची जागा आहे. ती रिकामी ठेवू नका.

अर्ज साधारण जूनच्या सुरुवातीपासून सबमिट करता येतो आणि 'लवकर पाठवा' हा सल्ला सगळेच देतात. सल्ला बरोबर आहे, पण शेवटचं सेमिस्टर तुमचं सर्वात चांगलं असेल तर ते ग्रेड ट्रान्स्क्रिप्टवर चढेपर्यंत थांबा. एकदा पाठवलं की नवे ग्रेड पुढच्या अपडेटच्या काळातच जोडता येतात, आणि तोवर कॉलेजं जुना आकडा पाहून मोकळी होतात. ऑगस्टपर्यंत रेंगाळणं मात्र महागात पडतं, कारण मुलाखती अर्ज येतील तशा दिल्या जातात.

डॅटचे गुण मार्च २०२५ पासून २०० ते ६०० या पट्टीवर येतात. पुन्हा बसायला ६० दिवस थांबावं लागतं आणि आधीचे प्रयत्न कॉलेजला दिसतात. कमी जीपीए असताना अर्धवट तयारीने 'बघू तरी' म्हणून बसणं परवडत नाही.

निबंधाला मोकळ्या जागा धरून ४,५०० अक्षरं मिळतात. ग्रेड का घसरले ते दोनतीन वाक्यांत सांगा, मग काय बदललं ते सांगा. रडगाण्यात अर्धा निबंध घालवलेले अर्ज बरेच असतात.

खर्च अंगावर येतो. अलीकडच्या वर्षांत पहिल्या कॉलेजला २६० डॉलरच्या वर आणि पुढच्या प्रत्येकाला शंभरच्या वर लागतात. शिवाय अनेक कॉलेजांची पूरक फी वेगळी. फीसवलत आहे, पण ती सबमिट करण्याआधीच मागावी लागते.

टेक्ससच्या रहिवाशांना तिथल्या सरकारी डेंटल स्कूलांसाठी टीएमडीसॅस हे वेगळं पोर्टल आहे. तिथे राज्याच्या अकॅडेमिक फ्रेश स्टार्ट नियमाने दहा किंवा त्याहून अधिक वर्षं जुने विषय हिशेबातून वगळता येतात. ॲडसॅस असली कुठलीच माफी मानत नाही. मात्र फ्रेश स्टार्ट घेतला की त्या जुन्या काळातले चांगले ग्रेड आणि पूर्ण केलेले आवश्यक विषयही त्याबरोबर जातात, म्हणून आधी यादी तपासा आणि मगच अर्ज करा.