पन्नाशीत पीएचडी की वरिष्ठ फेलोशिप? नागपूरच्या कलावंतांसाठी तुलनात्मक आढावा

रंगभूमी, चित्रकला किंवा संगीतात पंचवीस-तीस वर्षे काम केल्यावर त्या अनुभवाची नीट अभ्यासपूर्ण मांडणी करावी, अशी ओढ अनेकांना लागते. नागपुरात राहून ती पूर्ण करण्याच्या दोन वाटा प्रामुख्याने विचारात घ्याव्या लागतात. एक, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठासारख्या विद्यापीठातून पीएचडी. दुसरी, केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाची वरिष्ठ फेलोशिप, म्हणजे अनुभवी कलावंतांना अभ्यासासाठी मिळणारी अभ्यासवृत्ती.

पीएचडीला वयाची अट नाही, पात्रतेची मात्र आहे. पदव्युत्तर पदवीत ५५ टक्के गुण (आरक्षित प्रवर्गांना ५ टक्के सवलत), त्यानंतर प्रवेश परीक्षा आणि मुलाखत. ज्यांच्याकडे केवळ जी. डी. आर्टसारखी जुनी पदविका आहे, त्यांचे काम कितीही मोठे असले तरी त्यांना आधी पदव्युत्तर पदवीपर्यंतचा मार्ग पूर्ण करावा लागतो. फेलोशिपच्या निवडीत मात्र आजवरचे काम आणि प्रस्ताव यांना मोठे महत्त्व असते.

पैशांच्या बाबतीत फरक उघड आहे. वरिष्ठ फेलोशिप चाळिशी ओलांडलेल्यांसाठी असून तीत दरमहा २०,००० रुपये दोन वर्षे मिळतात. पीएचडीसाठीची जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अभ्यासवृत्ती) साधारणपणे तिशीपर्यंतच मिळू शकते, त्यामुळे पन्नाशीतल्या संशोधकाला बहुधा शुल्क, प्रवास आणि टंकलेखन यांचा खर्च स्वतःच उचलावा लागतो.

वेळेचे गणित अधिक नाजूक आहे. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२२च्या नियमांनुसार पीएचडीला किमान ३ आणि कमाल ६ वर्षे लागतात, पुनर्नोंदणी केल्यास आणखी २ वर्षे मिळतात आणि महिलांना त्याखेरीज २ वर्षांची सवलत आहे. अर्धवेळ नोंदणीची सोय असली तरी किमान १२ श्रेयांकांचा (क्रेडिट्सचा) कोर्सवर्क, म्हणजे वर्गात बसून करायचा अभ्यासक्रम, चुकत नाही. पूर्व विदर्भातील झाडीपट्टीच्या रंगभूमीवर काम करणाऱ्या नटाचा किंवा पेटीवाल्याचा हंगाम दिवाळीनंतर सुरू होतो. गावोगावी रात्रभर प्रयोग करून सकाळी वर्गाला बसणे कोणालाही झेपणारे नाही, तेव्हा वेळापत्रक आधी विचारून घ्यावे. शिवाय, निवृत्तीला ३ वर्षांहून कमी काळ उरलेल्या प्राध्यापकाला नवा विद्यार्थी घेता येत नाही. पन्नाशीतल्या विद्यार्थ्याचा ज्या मार्गदर्शकांशी परिचय असतो, ते बहुधा त्याच्याच वयाचे असतात, म्हणून ही अट त्याला विशेष जाचक ठरते.

खरा फरक मात्र कामाच्या स्वरूपात आहे. समजा, दंडार या विदर्भातील लोकनाट्यातल्या गाण्यांच्या चाली तुम्हाला तोंडपाठ आहेत. फेलोशिपमध्ये त्या ध्वनिमुद्रित करून, कोणती चाल कोणत्या गावात कशी बदलते याचा अहवाल दिला, तर ते भरीव काम होते. पीएचडीत तेवढ्यावर भागत नाही. ती चाल कोणाकडून, कोणत्या साली, कोणत्या गावी मिळाली याची नोंद लागते. तुमची स्वतःची आठवणही मुलाखतीसारखी तारीख घालून पुरावा म्हणून मांडावी लागते. पूर्वीच्या अभ्यासकांचे म्हणणे तपासून आपले म्हणणे त्यांच्याहून कुठे वेगळे आहे, हे बाहेरच्या परीक्षकांना पटवावे लागते. आयुष्यभर जे हातांनी आणि गळ्याने सांगितले, ते तळटिपांसह सिद्ध करणे अवघड जाते, आणि माझ्या मते पीएचडीचे सगळे मोल याच कष्टात आहे. स्वतःच्या कलेविषयी उत्तर न सापडलेला एखादा प्रश्न मनात असेल, तरच हे कष्ट घ्यावेत. केवळ नावामागे ‘डॉ.’ लागावे किंवा अध्यापनाची नोकरी मिळावी, या अपेक्षेने या वयात पीएचडीकडे वळू नये, असे मी स्पष्टपणे सांगेन.

ज्यांच्याजवळ सामग्री भरपूर आहे, पण प्रश्न अजून धूसर आहे, त्यांनी आधी फेलोशिपसाठी अर्ज करावा आणि ती मिळाल्यास दोन वर्षांत जमवलेल्या मुलाखती व ध्वनिमुद्रणांतून प्रश्न सापडला तर पीएचडीचा विचार करावा. ज्यांचा प्रश्न ठरलेला आहे, त्यांनी शोधगंगा या भारतीय विद्यापीठांतील प्रबंधांच्या संकेतस्थळावर आपल्या विषयाजवळचे दोन-तीन प्रबंध वाचून, ते करवून घेणारे मार्गदर्शक कोण आहेत आणि त्यांच्याकडे जागा रिकामी आहे का, याची चौकशी प्रवेशाची जाहिरात निघण्यापूर्वीच करून ठेवावी.