गलतीकरांस पत्र आधी वाचू की याकोबाचं?

तारण, म्हणजे पापातून सुटका, विश्वासानं मिळतं की नियम पाळून, हा प्रश्न घेऊन बायबल उघडलंत की ही दोन पत्रं समोर येतातच, आणि कुठलं आधी हातात घेता यावर बरंच अवलंबून असतं असं मला मनापासून वाटतं.

गलतीकरांस पत्रात ६ अध्याय आहेत आणि ते लिहिणारा प्रेषित पौल पहिल्या पानापासून तापलेला आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या गलती भागातल्या मंडळ्यांना, म्हणजे ख्रिस्ती लोकांच्या गटांना, काही लोक सांगत होते की येशूवर विश्वास ठेवलात ते ठीक, पण सुंता करा, मोशेचं नियमशास्त्र, म्हणजे यहुद्यांचे धर्मनियम, पाळा, तरच तुमचं पूर्ण झालं. पौल म्हणतो, नियम पाळून नीतिमान, म्हणजे देवापुढे निर्दोष, ठरता येत असेल तर ख्रिस्त उगाचच मेला. आणि मग अंत्युखिया शहरातली गोष्ट सांगतो. येशूचा शिष्य पेत्र तिथे यहुदी नसलेल्यांच्या पंगतीला बसून जेवायचा, पण यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब याच्याकडची माणसं आली तसा हळूहळू अंग काढून वेगळा बसायला लागला, त्याचं बघून पौलाचा सोबती बर्णबासुद्धा, तेव्हा पौलानं सगळ्यांदेखत पेत्राला तोंडावर सुनावलं. पंगतीतून वेगळं बसवलं जाणं काय असतं ते आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणून हा भाग वाचताना दरवेळी घशात काहीतरी अडकतं.

याकोबाचं पत्र ५ अध्यायांचं. तो सरळच लिहितो की माणूस नुसत्या विश्वासानं नाही तर कृतीनं नीतिमान ठरतो. प्रोटेस्टंट पंथाची सुरुवात करणाऱ्या मार्टिन ल्यूथरनं तर १५२२ मध्ये याला गवताच्या काडीचं पत्र म्हटलं होतं, ते मला पटत नाही, कारण याकोब सुंतेबद्दल बोलतच नाहीये. त्याच्याकडे पण बसायचाच विषय आहे बघा, सभेत सोन्याची अंगठीवाला आला की त्याला चांगली जागा आणि मळक्या कपड्यातल्या गरिबाला पायाशी बस म्हणायचं, उपाशी माणसाला ऊब घे, पोटभर खा म्हणून रिकाम्या हाती पाठवायचं, असला विश्वास मेलेला आहे म्हणतो.

यहुद्यांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याचं उदाहरण दोघंही घेतात. पौल घेतो तो तारे बघून देवाच्या वचनावर विश्वास ठेवणारा, अजून सुंता नाही, मूल नाही. याकोब घेतो तो खूप वर्षांनंतरचा, मुलाला, इसहाकाला, वेदीवर ठेवणारा. माणूस तोच, फक्त वेळ वेगळी.

चर्चमधल्या भांडणाचं म्हणाल तर कॅथलिकांनी ट्रेंटच्या धर्मसभेत १५४७ मध्ये 'केवळ विश्वास' नाकारला आणि १९९९ मध्ये लुथरन, म्हणजे ल्यूथरच्या पंथातल्या, लोकांबरोबर तारण कृपेनंच आहे अशा संयुक्त घोषणेवर सही केली, पण सुरुवात करणाऱ्यानं यात आत्ताच अडकू नये.

माझं मत, आधी गलती. आपण काहीतरी कमी पडतोय ही भीती असेल तर याकोब आधी वाचून ती वाढेल. पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये झाला, पण तेव्हा धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हता, असं त्यांनीच पुढे लिहून ठेवलंय, ते कळायला अजून काही वर्षं गेली. आणि त्यानंतर दुष्काळातल्या मुली आणि विधवांना केडगावला आणून त्यांनी जे केलं ते याकोबाचंच पत्र आहे. फक्त लहानपणापासून चर्चमध्ये असाल आणि विश्वास सवयीचा झाला असेल, तर उलटं करा, याकोबाचा दुसरा अध्याय आजच वाचा.