मॅकगिओकचा आवाज काढायचा म्हणून फ्लँजर घेतला, त्याचा रिव्ह्यू

सरळच सांगतो, एमएक्सआर ब्रँडचं हे फ्लँजर पेडल (गिटारचा आवाज बदलणारा, पायाने चालू-बंद करायचा छोटा डबा) मी एका गिटारवाल्यापायी घेतलं, जॉन मॅकगिओक. नाव ऐकलं नसेल तर आधी सूझी अँड द बॅन्शीज या बँडचं १९८१ चं 'स्पेलबाउंड' हे गाणं लावा, सुरुवातीलाच गिटारची ती बारीक, एकेक तार सुटी सुटी छेडत गोल फिरत राहणारी लाइन येते ना, ती ऐका आणि मग पुढचं वाचा. ती लाइन माझ्या डोक्यात कित्येक वर्षं घर करून बसलीये, आणि आपल्याला काय वाटतं, त्याच्याकडे जे पेडल होतं ते आणलं की झालं काम. नाही होत. पण पेडल भारी आहे, पस्तावलो अजिबात नाही.

आधी पेडलबद्दल. मी घेतलंय ते एम ११७ आर, म्हणजे सत्तरच्या दशकातल्या मूळ एम ११७ चं नवीन रूप, आता डनलॉप कंपनी बनवते. चार नॉब आहेत : मॅन्युअल, विड्थ, स्पीड, रीजन. फ्लँजरचं काम सोपं आहे, तुमचाच सिग्नल काही मिलिसेकंद उशिरा परत मूळ सिग्नलमध्ये मिसळायचा आणि तो उशीर सतत कमीजास्त करत राहायचा, त्यामुळे काही फ्रिक्वेन्सी कापल्या जातात काही उचलल्या जातात आणि डोक्यावरून विमान गेल्यासारखं ते 'श्यूऽऽ' ऐकू येतं. रीजन म्हणजे तयार झालेला आवाज पुन्हा आत किती पाठवायचा ते. वाढवला की आवाज पत्र्यासारखा व्हायला लागतो, फार वाढवला की कुणीतरी पिंपात डोकं घालून गातंय असं वाटतं.

पहिल्या दिवशी मी सगळ्यांसारखं सगळे नॉब अर्ध्यावर ठेवले आणि तासभर विमानं उडवली. मजा आली पण मॅकगिओक काही येईना. दुसऱ्या दिवशी विड्थ पूर्ण शून्यावर नेला. म्हणजे काय, आपोआप होणारं वरखाली बंद, आवाज एका जागी थिजतो, आणि मग मॅन्युअल नॉब हाताने फिरवला की रंग बदलतो, हळू फिरवा जोरात फिरवा अर्ध्यावर थांबवा, सगळं तुमच्या हातात. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला, कारण मॅकगिओक हेच पेडल माइकच्या स्टँडवर लावून ठेवायचा! जमिनीवर ठेवून पायाने चालू-बंद करायला नाही, वाजवता वाजवता हाताने नॉब फिरवता यावेत म्हणून. ही गोष्ट मी आधी वाचली होती पण का ते कळलं नव्हतं. मी पण आता माझं स्टूलवर ठेवतो, गुडघ्याच्या जरा वर, शेवटची तार वाजून राहिली की उजवा हात पटकन नॉबवर. दहापैकी सात वेळा चुकतो तो भाग वेगळा.

मुद्दा असा की हे पेडल म्हणजे त्या माणसाचा फार तर एक कोपरा. ग्रीनॉकचा हा स्कॉटिश पोरगा, जन्म १९५५, मँचेस्टरला आर्ट शिकायला गेलेला, आणि १९७७ मध्ये गायक हॉवर्ड डिव्होटो बझकॉक्स हा पंक बँड सोडून 'मॅगझिन' नावाचा नवीन बँड काढतोय तर त्यात गेला. त्यांचं पहिलं सिंगल 'शॉट बाय बोथ साइड्स', जानेवारी १९७८. रिफ (पुन्हा पुन्हा येणारी गिटारची धून) मूळ बझकॉक्सच्या पीट शेलीकडून आलेलं, पण मॅकगिओक ते असं वाजवतो की जिना धडाधड चढतोय कुणीतरी. तिथे तुम्हाला फ्लँजर नको, सरळ डिस्टॉर्शन, म्हणजे फाटलेला खरखरीत आवाज पाहिजे. त्याच बँडमध्ये तो सॅक्सोफोनपण वाजवायचा. मग १९८० च्या आसपास हा एकाच वेळी मॅगझिनमध्ये, स्टीव्ह स्ट्रेंजच्या व्हिसाजमध्ये आणि बॅन्शीजसोबत, आणि तिन्हीकडे वेगळाच माणूस वाटतो. व्हिसाज म्हणजे मेकअप, सिंथेसायझर, नाइटक्लब, तिथे गिटार मागच्या बाकावर, आणि हा बिनतक्रार मागे बसतो. मला हे फार आवडतं. पंकमधून आलेल्या किती गिटारवाल्यांना गप्प बसता येतं सांगा.

बॅन्शीजकडचं काम मात्र वेगळंच. 'हॅपी हाउस' ची ती उंचावरून पाण्यासारखी खाली ओघळणारी लाइन, त्यात कॉर्ड, म्हणजे अनेक तारा एकदम, ठोकणं नाहीच जवळजवळ. आणि मग 'जूजू' हा अख्खा अल्बम, जून १९८१, नऊ गाणी. फ्लँजर शिकायचं असेल तर मॅन्युअल वाचू नका, हा अल्बम हेडफोनवर ऐका. 'स्पेलबाउंड' मध्ये इलेक्ट्रिकच्या मागे ॲकूस्टिक गिटार जीव खाऊन घासलीये ती पहिल्या दहा वेळा मला ऐकूच आली नव्हती, मी आपला पेडलचे नॉब बदलत बसलोय आणि अर्धा आवाज लाकडी गिटारचा! सोलो म्हणावा असा सोलो शोधून सापडत नाही आणि तरी गिटारवरून लक्ष हटत नाही.

पुढचं वाचायला जरा जड जातं. १९८२ मध्ये माद्रिदला कार्यक्रमांच्या वेळी हा कोसळला, ताण आणि दारू दोन्ही, बँडमधून गेला, जागेवर 'द क्युअर' बँडचा रॉबर्ट स्मिथ आला. मग आर्मरी शो हा बँड, त्यांचा एकच अल्बम, १९८५, मला फार काही भावला नाही, ऐकून सोडून दिला. १९८६ पासून जॉन लायडनच्या पब्लिक इमेज लिमिटेड या बँडमध्ये, त्याच वर्षी व्हिएन्नात प्रेक्षकांतून आलेली वाइनची बाटली तोंडावर बसली, तरी टिकला तो १९९२ पर्यंत. १९८९ चं 'डिसअपॉइंटेड' ऐका, अमेरिकेत बिलबोर्डच्या मॉडर्न रॉक यादीत पहिलं गेलेलं, गिटार चकचकीत, मोठी, स्टेडियमची. 'जूजू' वाला हाच का असा प्रश्न पडतो. आणि त्यानंतर हा गडी नर्स झाला. खरंच, रीतसर शिकून नर्सिंग. २००४ मध्ये गेला, फक्त ४८ वर्षांचा. जॉनी मार, जॉन फ्रुशांटे हे नावाजलेले गिटारवाले त्याचं नाव घेतात, बाकी बऱ्याच जणांनी त्याची गिटार ऐकलेली असते, नाव ऐकलेलं नसतं.

असो, परत पेडलवर. घेण्याआधी दोन गोष्टी बघा. एक, हे १८ व्होल्टवर चालतं, बॅटरी नाही, आणि बाकी पेडलांचा ९ व्होल्टचा अडॅप्टर याला चालत नाही, त्यामुळे १८ व्होल्टचा अडॅप्टर सोबत आहे ना ते बघून घ्या. दोन, साधारण पेडलपेक्षा अंगाने मोठं आहे, पेडल मांडायच्या बोर्डवर आधीच गर्दी असेल तर काहीतरी काढावं लागेल, मी माझं कोरस नावाचं दुसरं पेडल काढलं आणि आठवण पण येत नाही त्याची. डिस्टॉर्शनच्या आधी ठेवलं तर आवाज मऊ राहतो, नंतर ठेवलं तर विमान थेट घरात, मला आधी ठेवलेलंच बरं वाटतं. एकूण पाचपैकी साडेचार, जागा खाण्याबद्दल अर्धा कापला. मॅकगिओककडे यामाहा एसजी १००० गिटार होती, माझ्याकडे नाही, आणि नाही घेणारे, कारण परवा पेडल बंद ठेवून नुसती 'स्पेलबाउंड' ची सुरुवात हळू वेगात वाजवून बघितली तर चौथ्या फेरीला करंगळी अडकतेच, आणि त्यावर कुठला नॉब नाही.