बातमी पोहोचली का, हे पाहताना: गुगल ॲनालिटिक्स ४ आणि माझी वही, आठ महिन्यांनंतर

आठ महिन्यांपूर्वी संपादकांनी आम्हा बातमीदारांनाही गुगल ॲनालिटिक्स ४ हे संकेतस्थळावरचे वाचक मोजणारं साधन उघडून दिलं. तोवर बातमी किती चालली हे आम्हाला पेजव्ह्यूच्या, म्हणजे पान किती वेळा उघडलं गेलं त्या एकाच आकड्यावरून कळायचं.

पहिले दोन आठवडे मी रिअलटाइमलाच चिकटून होते. गेल्या 30 मिनिटांतले वाचक तिथे दिसतात. आकडा उतरला की हातातल्या बातमीवरचं लक्ष उडायचं, म्हणून ते पाहणं बंद केलं.

खरा उपयोग झाला तो सरासरी एंगेजमेंट टाइमचा. पान डोळ्यांसमोर उघडं असेल तेवढाच वेळ यात धरतात. मागच्या टॅबमध्ये पडून राहिलेलं पान मोजलं जात नाही. कागदपत्रं चाळून लिहिलेली माझी एक मोठी बातमी पेजव्ह्यूच्या यादीत तळाला होती, पण वाचक तिच्यावर इतर बातम्यांपेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबले होते. तिचा पुढचा भाग मला त्या जोरावरच मिळाला. ‘एंगेज्ड सेशन’वर मात्र भाळू नका. 10 सेकंदांहून जास्त टिकलेली भेटही त्यात बसते, आणि तेवढ्यात मथळा आणि फोटोच पाहून होतात. स्क्रोलचंही तसंच. त्याची नोंद पान 90 टक्के खाली गेल्यावर होते. बातमीखाली ‘हेही वाचा’ची लांब रांग असेल, तर शेवटची ओळ वाचलेला माणूसही मोजणीतून सुटतो.

व्हॉट्सॲपवरून फिरणारी लिंक बहुतेकदा ‘डायरेक्ट’ या खात्यात पडते, म्हणजे वाचक कुठून आला ते कळत नाही. आता मी स्वतः पाठवते त्या लिंकला यूटीएम, म्हणजे ती कुठून आली हे सांगणारी खूण, जोडते. पुढे फॉरवर्ड झाली तरी ती खूण सोबत जाते.

सोबत सर्च कन्सोल, म्हणजे गुगलवर शोधून आलेल्यांची माहिती देणारं गुगलचंच साधन, घ्याच. 16 महिन्यांपर्यंतचा डेटा मिळतो आणि लोक कोणते शब्द टाइप करून आले ते दिसतं. आम्ही मथळ्यात सरकारी शब्द वापरला होता, लोक साध्या शब्दांत ‘अर्ज नाकारला तर काय करायचं’ असं शोधत होते. त्या प्रश्नाचं उत्तर मी वेगळी बातमी करून दिलं.

पण बातमीनं काय बदललं, हे यातलं काहीच सांगत नाही. त्यासाठी मी एक वही ठेवली आहे: तारीख, कोणाचा फोन आला, कोणी खुलासा पाठवला, दुसऱ्या कोणी विषय पुढे नेला, कुठला नियम हलला. जेमतेम काहीशे जणांनी वाचलेल्या एका बातमीनंतर तीन आठवड्यांनी संबंधित कार्यालयानं अर्जातली एक अन्यायकारक अट काढून टाकली. ॲनालिटिक्समध्ये ती बातमी अपयशीच दिसते.

वहीत शेवटचा रकाना ‘पुरावा’ असा आहे. आदेशात आमच्या बातमीचा उल्लेख असेल, किंवा अधिकाऱ्यानं तसं स्वतः सांगितलं असेल, तरच मी तो भरते. त्या अर्जाच्या बातमीपुढे तो अजून रिकामा आहे.